माझ्या पश्चात याचं काय? ‘सपोर्टेड लिव्हिंग’ समजून घेताना

माझा दादा ४६ वर्षांचा आहे. गेल्या दिवाळीनंतर आई त्याला घेऊन बँकेत गेली, त्याच्या नावावर थोडे पैसे ठेवायला. फॉर्मवर दादाने मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहिलं. तेवढं त्याला छान येतं. मग काउंटरवरच्या बाईंनी त्याला दोन-तीन प्रश्न विचारले. तो काचेवर चिकटवलेल्या सुट्ट्यांच्या यादीवरून बोट फिरवत राहिला.

‘‘यांचे पालक कोण?’’

‘‘मीच की. आई आहे मी त्याची.’’

‘‘तसं नाही काकू, कायदेशीर पालक. हे सज्ञान आहेत. तुमची सही नाही चालणार.’’

आई ७४ वर्षांची आहे. घरी येऊन तिने चपला काढल्या, तांब्याभर पाणी प्यायली आणि म्हणाली, ‘‘मी आहे तोवर सगळं चालतंय गं. माझ्या पश्चात याचं काय?’’

ज्या घरात दादासारखं बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असलेलं मूल आहे त्या प्रत्येक घरात हा प्रश्न आहे, मग ते मूल दहाचं असो की पन्नासचं. आजवर त्याची तीन उत्तरं मी ऐकत आले. एक, भावंडं बघतील. दोन, एखाद्या चांगल्या आश्रमात ठेवू. तिसरं उत्तर पालक संघटनेच्या बैठकीत चहाच्या वेळी हळू आवाजात दिलं जातं: देवाने आमच्याआधी एक दिवस तरी याला न्यावं. हे तिसरं उत्तर देणाऱ्या आया निर्दयी नाहीत. त्यांना चौथं उत्तर कुणी सांगितलेलंच नाही. ते उत्तर जगात काही ठिकाणी काही दशकांपासून घडतंय: स्वतःच्या घरात, लागेल तेवढ्या मदतीने राहणं. त्याला ‘सपोर्टेड लिव्हिंग’ म्हणतात. मराठीत आपण ‘साथीचं राहणं’ म्हणूया.

आधी शब्दांचा गुंता सोडवू

इंटरनेटवर याबद्दल वाचायला गेलात तर पहिल्याच ओळीत घोटाळा होतो. इंग्लंडमध्ये ज्याला ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ म्हणतात ती आपल्याकडची अध्ययन अक्षमता नव्हे. आपल्याकडे हा शब्द वाचन-लेखन-गणितात अडखळणाऱ्या, एरवी बुद्धीने नेहमीसारख्याच असलेल्या मुलांसाठी वापरतात. इंग्लंडमध्ये त्याच शब्दाचा अर्थ होतो बौद्धिक अक्षमता: लहानपणापासून आकलन, व्यवहार आणि रोजची कामं शिकायला जास्त वेळ आणि जास्त मदत लागणं. पूर्वी यालाच आपण मतिमंदत्व म्हणायचो, आणि कित्येक शाळांच्या पाट्यांवर तो शब्द अजून आहे.

दुसरा शब्द स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम. यात माणसांशी बोलण्या-वागण्याची पद्धत वेगळी असते, ठरलेला क्रम मोडला की फार त्रास होतो, आणि आवाज, उजेड, स्पर्श कमी-जास्त तीव्रतेने जाणवतात. स्वमग्न माणूस बुद्धीने अत्यंत तल्लखही असू शकतो. माझ्या दादाला दोन्ही आहे. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक अक्षमता असलेली सुमारे १५ लाख माणसं देशात मोजली गेली. स्वमग्नतेसाठी त्या फॉर्ममध्ये वेगळा रकानाच नव्हता.

खोली एकाची, डबा दुसऱ्याचा

पुण्यात स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करायला आलेली मुलं डोळ्यांसमोर आणा. काही जण होस्टेलमध्ये राहतात. खोली तिथली, मेसही तिथलीच. जेवण बिघडलं तर तक्रार करायची भीती वाटते, कारण फार बोललं तर खोलीही जाईल. जेवायची वेळ, दार बंद व्हायची वेळ, सोबत कोण राहणार, सगळं होस्टेल ठरवतं. दुसरी काही मुलं पेठेत खोली भाड्याने घेतात आणि डबा दुसरीकडून लावतात. डबा आवडला नाही तर पुढच्या महिन्यात डबेवाल्या काकू बदलतात. खोली तशीच राहते.

साथीच्या राहण्याचा गाभा एवढाच आहे. निवासी संस्थेत छप्पर आणि मदत एकाच गाठोड्यात मिळतात. मदत नको झाली तर छप्परही सुटतं. साथीच्या राहण्यात घर त्या माणसाचं असतं, स्वतःचं किंवा त्याच्या नावावर भाडेकरार केलेलं, आणि मदत वेगळी येते. मदत करणारी माणसं पटली नाहीत तर ती बदलतात, घर बदलत नाही. इंग्लंडमध्ये ही रेघ कायद्यानेच आखलेली आहे: तिथे केअर होमची, म्हणजे निवासी संस्थेची, जागेसकट तपासणी होते, तर साथीच्या राहण्यात अंघोळ, कपडे, औषधं अशा वैयक्तिक मदतीपुरती होते. घराची तपासणी होत नाही, कारण ते कुणाचं तरी घर आहे. तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरात कुणी वही घेऊन येत नाही, तसंच.

रेघ कागदावर असली म्हणजे प्रत्यक्षात असतेच असं नाही. तिथेही काही ठिकाणी घरमालक आणि मदत देणारी कंपनी आतून एकच असतात, दहा-बारा जणांना एका इमारतीत भरतात आणि बाहेर नवी पाटी लावतात. म्हणून कुणी या नावाची जागा दाखवली तर माझा पहिला प्रश्न असतो, ‘‘उद्या आम्हाला तुमची माणसं नकोशी झाली, तर माझा दादा याच घरात राहू शकेल का?’’ उत्तर ‘नाही’ असेल तर ती संस्था आहे. चांगली संस्था असू शकते, पण संस्थाच.

हे कुठून आलं?

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेत अशा मुलांना गावाबाहेरच्या प्रचंड संस्थांत ठेवायची रीत होती. न्यूयॉर्कमधली विलोब्रुक ही त्यातली एक. ४,००० मुलांसाठी बांधलेल्या त्या जागेत १९६५ मध्ये ६,००० हून जास्त जण होते. १९७२ मध्ये एका टीव्ही वार्ताहराने आत कॅमेरा नेला, तेव्हा उघडी, घाणीत बसलेली मुलं लोकांनी आपल्या दिवाणखान्यात पाहिली. १९८७ मध्ये ती जागा बंद झाली.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये बेंग्ट निर्ये एक साधी गोष्ट मांडत होते: या माणसांचा दिवस, आठवडा आणि वर्ष इतरांसारखंच असावं. सकाळी उठून कामाला जावं, संध्याकाळी घरी यावं, रविवार वेगळा वाटावा, सणावाराला पाहुणे यावेत. ऐकायला किती किरकोळ वाटतं! पण दिवसभर एकाच हॉलमध्ये बसून संध्याकाळी पाचला जेवून सहाला झोपवल्या जाणाऱ्या माणसासाठी ती उलथापालथ होती. स्वीडनने पुढे अशा मोठ्या संस्था बंदच केल्या.

२००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला. त्याचं १९ वं कलम सांगतं की कुठे आणि कुणाबरोबर राहायचं हे निवडण्याचा हक्क इतरांइतकाच यांनाही आहे. भारताने २००७ मध्ये हा करार मान्य केला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ५ व्या कलमात समाजात राहण्याचा हक्क लिहिला. म्हणजे मी जे सांगतेय ते आपल्या कायद्यात आहे.

‘‘त्याला गॅस लावता येत नाही, एकटा कसा राहील?’’

एकटा राहणार नाहीच. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. साथ किती हे माणसागणिक ठरतं. कुणाला आठवड्यातून दोनदा येऊन वीजबिल वाचून दाखवणारं आणि बाजारहाट करून देणारं कुणी पुरतं. कुणाला दिवसाचे चोवीस तास शेजारच्या खोलीत माणूस लागतं. दोन्ही साथीचं राहणंच. चष्म्याचा नंबर जसा प्रत्येकाचा वेगळा, आणि त्याच माणसाचाही दर काही वर्षांनी बदलणारा, तसं.

मदतीचा दर्जा मात्र एका गोष्टीवर ओळखावा: ती माणसासाठी काम करते की माणसाबरोबर? दादाचं दुधाचं उदाहरण देते.

कोपऱ्यावरच्या डेअरीतून अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या आणायच्या, एवढंच काम. पहिला महिना मी बरोबर गेले. दुसऱ्या महिन्यात दोन पावलं मागे, मग सोसायटीच्या फाटकाशी थांबले, मग गॅलरीतून बघितलं. बरोबर नेमके पैसे ठेवलेलं पाकीट. सहा महिन्यांनी तो एकटा जायला लागला. आणि एक दिवस दूध लिटरमागे दोन रुपयांनी महागलं. डेअरीवाले काका म्हणाले, ‘‘दोन रुपये उद्या दे रे, घेऊन जा.’’ पण दादाच्या लेखी हिशेब म्हणजे हिशेब. तो पिशव्या घेईना आणि घरीही येईना. पाऊण तास काउंटरपाशी उभा. शेवटी काकांनी आईला फोन केला.

आईचं म्हणणं, पाठवायलाच नको होतं. मी पाकिटाला आत एक छोटा कप्पा शिवून घेतला, लाल धाग्याने. त्यात दहा रुपयांचं नाणं. ‘‘अडलं की लाल,’’ हे त्याला रोज सांगितलं. दोन महिन्यांनी तो दुधाबरोबर बिस्किटाचा पुडा घेऊन आला. लाल कप्पा रिकामा! आई रागावली, मला मात्र रडू आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने कुणालाही न विचारता काहीतरी विकत घेतलं होतं.

या गोष्टीत पगारी मदतनीस कुणीच नाही. एक कप्पा, एक ठरलेलं वाक्य आणि फोन करणारे एक काका आहेत. साथीच्या राहण्यातली निम्मी साथ अशीच असते. इंग्लंडमध्ये १९९० साली ‘कीरिंग’ नावाचा उपक्रम सुरू झाला, तो तर याच पायावर: एकाच वस्तीत चालत जाण्याच्या अंतरावर नऊ-दहा जण आपापल्या घरी राहतात, आणि त्याच वस्तीत एक स्वयंसेवक बिनभाड्याने राहतो. तो कुणाची सेवा करत नाही. पत्र आलं तर वाचून देतो, एकाची ओळख दुसऱ्याशी करून देतो, कुणाचा दिवा लागला नाही तर चौकशी करतो. आपल्या चाळीत हे काम कुणाला तरी नेमून दिलेलं नसायचं, तरी व्हायचं.

स्वमग्न माणसासाठी यात थोडी जास्त काळजी लागते. सोबतीला कोण राहणार हे जागा रिकामी आहे म्हणून ठरवून चालत नाही. दादाला मिक्सरचा आवाज सहन होत नाही. आधी ‘‘मिक्सर लावतेय’’ असं सांगितलं की तो कानांवर हात ठेवून आतल्या खोलीत जातो आणि सगळं सुरळीत होतं. न सांगता लावला की पुढचा तास अवघड. अशा शंभर बारीक गोष्टी आईच्या डोक्यात आहेत. त्या वहीत उतरल्या पाहिजेत. आमची वही सध्या चौथीसाठीच्या दोनशेपानी वहीएवढी झाली आहे.

‘‘कुणी फसवलं, त्रास दिला तर?’’

ही भीती खरी आहे आणि ती मी खोडून काढणार नाही. पैसे काढून घेणारे, गोड बोलून घरात शिरणारे लोक असतात. बाईच्या बाबतीत भीती आणखी मोठी. पण भिंतीआड सुरक्षितता असते हे गृहीतक तपासून बघा. २०११ मध्ये इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बीबीसीच्या छुप्या कॅमेऱ्याने कर्मचाऱ्यांनी चालवलेला रुग्णांचा छळ उघडा पाडला. ११ जणांना शिक्षा झाली. त्याच वर्षी आपल्याकडे पनवेलजवळच्या एका आश्रमातल्या मुलींवरचे अत्याचार बाहेर आले. दोन्ही ठिकाणी कुंपण होतं, रखवालदार होता, नोंदवह्या होत्या. बाहेरचा कुणी सहज आत डोकावू शकत नव्हता, आणि त्यानेच घात केला.

जितके जास्त डोळे तितकी सुरक्षितता. डेअरीवाले काका, वॉचमन, खालच्या मजल्यावरच्या आजी, कार्यशाळेतल्या ताई, आधी न कळवता घरी येणारी बहीण. ज्या घरात पगार न घेणारी पाच माणसं येत-जात असतात तिथे वाईट गोष्ट फार काळ लपत नाही. उरलेला धोका, दुधाच्या काउंटरपाशी पाऊण तास उभं राहण्याचा धोका, घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या रॉबर्ट पर्स्के यांनी १९७२ मध्ये याला ‘धोका पत्करण्यातला सन्मान’ म्हटलं होतं. आपण आपल्या इतर मुलांना हा सन्मान सायकल शिकवताना देतोच की.

‘‘भावंडं आहेत की!’’

आहेत. मी आहे. पण बहीण असणं आणि चोवीस तासांची आया असणं यात फरक आहे. माझं लग्न, नोकरी, सासूचं आजारपण या सगळ्यांतून दादासाठी वेळ काढते, काढेन. पण तो माझ्या घरी आला तर कायम पाहुणा म्हणून राहील. माझ्या नवऱ्याचं टीव्हीचं वेळापत्रक, माझ्या मुलांच्या परीक्षा, यात त्याचा कोपरा कोणता? ‘भावंडं बघतील’ म्हणताना भावंडांना कुणी विचारत नाही आणि त्या भावालाही विचारत नाही. त्याचं घर असेल तर मी तिथे रविवारी भाऊ-बहिणीच्या नात्याने जाईन. भाऊबीजेला तो मला जेवायला बोलावेल.

सही कुणाची?

बँकेतल्या बाई चुकीच्या नव्हत्या. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडिलांचं पालकत्व कायद्याने संपतं, मग मुलाला व्यवहार कळो न कळो. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात यावर वाट आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणं), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी जिल्ह्यात एक स्थानिक समिती असते: जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. तिच्याकडे अर्ज केला की सज्ञान व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमला जातो. हे पालकत्व प्रमाणपत्र बँकांनी खातं उघडताना मान्य करावं असं रिझर्व्ह बँकेनेही सांगितलेलं आहे. पालकाला सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी आणि दरवर्षी हिशेब द्यावा लागतो.

पण पालक नेमला म्हणजे त्या माणसाचं मत संपलं, असं नाही. २०१६ चा कायदा ‘मर्यादित पालकत्व’ सांगतो: ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि दोघांनी मिळून, त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार घेतलेला निर्णय. दादाला मुदत ठेवीचं व्याज कळणार नाही. पण कोणत्या खोलीत झोपायचं, पंखा किती वेगाने, कुणाचा हात धरून रस्ता ओलांडायचा, याबद्दल त्याची मतं पक्की आहेत. तिथे माझ्या सहीची गरज नाही.

आपल्याकडे आहे का, आणि परवडणार कसं?

इंग्लंडमध्ये मदतीचा खर्च बहुतेकदा स्थानिक कौन्सिल उचलते आणि भाड्याला सरकारी भत्ता मिळतो. आपल्याकडे असा आधार नाही. याच कायद्याने स्थापन झालेल्या नॅशनल ट्रस्ट या सरकारी संस्थेची ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या निवासाची योजना आहे, ‘समर्थ’मध्ये थोड्या दिवसांच्या राहण्याची सोय होते, ‘निरामय’ विम्यातून एक लाखापर्यंतचा उपचारखर्च मिळतो. या योजना उपयोगी आहेत. घरभाडं आणि मदतनिसाचा पगार मात्र त्यातून निघत नाही.

तरीही पालकांनी वाटा शोधल्या. डोंबिवलीजवळ खोणीला अमेय पालक संघटनेचं ‘घरकुल’ उभं राहिलं. मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यात ‘साधना व्हिलेज’ १९९४ पासून प्रौढांसाठी चालतं. तिथे छप्पर आणि साथ एकत्रच आहेत, पण माणसं घरासारखी राहतात, काम करतात. दूरच्या उपनगरातल्या कुलूपबंद वसतिगृहापेक्षा हे शंभर पटीने चांगलं. मानसिक आजारातून सावरलेल्या, पण घरी परत जाता न येणाऱ्या बायकांसाठी चेन्नईच्या ‘द बन्यन’ने २०१५ मध्ये ‘होम अगेन’ सुरू केलं. साध्या वस्तीत साधं भाड्याचं घर, त्यात चार-पाच जणी आणि सोबतीला एक मदतनीस. गट वेगळा असला तरी रचना जवळजवळ मी सांगतेय तीच. आपल्या देशात, आपल्या भाड्यांत ती चालते हे त्यातून दिसतं.

पैशाचा हिशेब एकट्या कुटुंबाला झेपत नाही, तीन-चार कुटुंबांना झेपू शकतो. एक दोन खोल्यांचा फ्लॅट, एक निवासी मदतनीस, एक बदली माणूस, एक स्वयंपाकाच्या ताई. मुलाच्या नावावर थेट घर करण्याऐवजी खासगी न्यास (ट्रस्ट) करून त्याला लाभार्थी ठेवणं वकील सुचवतात, म्हणजे कुणी त्याच्या सहीने घर विकू शकत नाही. पालक केंद्र सरकारच्या नोकरीत असतील तर कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं. त्याचं नाव पालकांच्या हयातीतच नोंदवून घ्यावं. मागाहून कागद जमवणं फार जड जातं.

कधी सुरू करायचं?

आई धडधाकट असताना. बहुतेक घरांत हा बदल आईच्या तेराव्यानंतर होतो. आई गेली, घर गेलं, अंथरूण बदललं, सगळं एका आठवड्यात. त्यात ठरल्या क्रमावर जगणाऱ्या माणसाचं काय होत असेल?

आम्ही तीन कुटुंबांनी फाल्गुनात सुरुवात केली. एकाचा शेजारच्या इमारतीतला फ्लॅट रिकामा होता. महिन्यातून एकदा शुक्रवार रात्र ते रविवार दुपार, तिघं जण आणि एक मदतनीस. पहिल्या शुक्रवारी दादाने स्वतःची उशी, रात्रीचा दिवा आणि दुधाचं पाकीट बरोबर घेतलं. आईने त्या रात्री सहा वेळा फोन केला. दादा फोनवर आला नाही, तो कॅरम खेळत होता.

रविवारी सकाळी मदतनिसाने तिघांना विचारलं, नाश्त्याला काय करायचं? उपमा, पोहे की चहा-पोळी? समोर तिन्हींची चित्रं ठेवली. दादाने उपम्याचं चित्र उलटं करून ठेवलं आणि चहा-पोळीवर बोट ठेवलं. पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेच. आमच्याकडे रविवारी उपमा असतो, मला कळतं तेव्हापासून.

आईने संध्याकाळी मला फोन केला. ‘‘याला उपमा आवडत नाही, हे तुला माहीत होतं?’’

मला माहीत नव्हतं.